चुन्याची निवळी

मराठी भाषेने चुन्यावर अन्याय केला आहे. एखाद्याने फसवले की आपण म्हणतो, त्याने चुना लावला. ज्या पदार्थाने आपल्या पूर्वजांच्या भिंती उभ्या राहिल्या, विडे रंगले आणि तान्ह्या मुलांची पोटे शांत झाली, त्याला भाषेत मिळालेले स्थान हे असे. मात्र विडा लावणाऱ्या जुन्या माणसांना चुन्याची खरी योग्यता ठाऊक होती. चुना जास्त झाला तर तोंड पोळते, कमी पडला तर विडा रंगत नाही. कात, सुपारी, पान या साऱ्यांचे प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. चुन्याचे चालत नाही. बोटाच्या टोकावर किती घ्यायचा हे कोणी तोंडाने शिकवत नसे, पाहून पाहूनच ते समजत असे.

गेले वर्षभर आम्ही उभयतां या चुन्याच्या प्रमाणाचा अभ्यास एका अगदी वेगळ्याच निमित्ताने करत आहोत. ते निमित्त म्हणजे आमच्या साखळीच्या घरातील समुद्र. समुद्र हा शब्द मोठा वाटेल, पण त्याला दुसरे नाव देववत नाही. माजघरात, जिथे पूर्वी भाताचे कणगे असत तिथे, तीनशे लिटर खारे पाणी भरलेली काचेची टाकी आहे. आमचा पुतण्या जहाजावर नोकरीला असतो. दोन फेऱ्यांमधल्या सुट्ट्यांत त्याने ती थोडी थोडी करून उभी केली आणि मागच्या वर्षी लांबच्या करारावर जाताना आमच्या स्वाधीन केली. निघताना त्याने एक वही दिली, थेंब मोजण्याच्या बाटल्या दिल्या आणि एवढेच म्हणाला, "काका, काकू, मासे मेले तर सांगा. पण आकडे मात्र रोज लिहा."

टाकीत काय आहे हे आधी सांगितले पाहिजे, कारण पाहायला येणारे पहिला प्रश्न प्रवाळाचाच विचारतात. दगडासारखा सांगाडा बांधणारा कठीण प्रवाळ तिच्यात नाही. आपल्या देशात २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असे सर्व प्रवाळ आले आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. किनाऱ्यावर सापडलेला तुकडा घरी आणणेदेखील त्यात बसत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने तसा एक जिवंत तुकडा आणून देण्याची तयारी दाखवली होती. पुतण्याने घालून दिलेला नियम आणि देशाचा नियम दोन्ही एकच असल्यामुळे नकार देणे आम्हांला सोपे गेले. टाकीत आहेत ते मऊ अंगाचे, छत्रीसारखे उघडमीट करणारे जीव, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी, गोगलगायी, चुन्याच्या नळ्या बांधून राहणारे किडे आणि दगडांवर जांभळ्या-गुलाबी रंगाच्या पुटासारखे पसरलेले शेवाळ. हे शेवाळ म्हणजे या संसारातील गवंडी. वनस्पती असूनही ते आपल्या अंगात चुना साठवते आणि सुटे दगड एकमेकांना सांधते. समुद्रातल्या खऱ्या प्रवाळभित्तीतही सिमेंटचे काम पुष्कळसे तेच करते.

गोगलगायीचा शंख, किड्याची नळी, शेवाळाचे पूट, प्रवाळाचा सांगाडा आणि आपण आमटी करून खातो त्या तिसऱ्यांची टरफले, ही सारी एकाच मालाची बांधलेली घरे आहेत. तो माल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो तयार व्हायला पाण्यात दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम आणि दुसरी कार्बोनेट-बायकार्बोनेटची शिल्लक. या दुसऱ्या गोष्टीला रसायनशास्त्रात अल्कता म्हणतात. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. पाण्याचा सामू किती आहे हे त्या क्षणाची प्रकृती सांगते. अल्कता गाठीला किती आहे ते सांगते. घरात आज दिवा लागला आहे की नाही हे एक, आणि तेलाच्या बुधलीत किती तेल उरले आहे हे दुसरे. बुधली रिकामी होत आली तरी दिवा काही वेळ तसाच तेवत राहतो, आणि तेवढ्यावरून पाहणाऱ्याचा गैरसमज होतो.

खऱ्या समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अल्कता मोजण्यासाठी मत्स्यालये पाळणारे अजून जर्मन अंश वापरतात. त्या मापाने समुद्राची अल्कता सुमारे ७ अंश भरते. घरगुती टाकीत ती ७ ते ११ अंशांच्या दरम्यान आणि कॅल्शियम ३८० ते ४५०च्या दरम्यान ठेवले म्हणजे जीव समाधानी असतात. आम्ही ८ अंश आणि ४२० हे दोन आकडे धरून चालतो. मोजण्याची रीत शाळेतल्या प्रयोगशाळेची आठवण करून देणारी आहे. नळीत ठरावीक पाणी घ्यायचे, रंगद्रव्य टाकायचे आणि मग थेंबाथेंबाने आम्ल सोडत राहायचे. निळसर रंग एका थेंबासरशी गुलाबी होतो. आमच्यापैकी एकाने थेंब सोडायचे आणि दुसऱ्याने रंग पाहायचा, अशी वाटणी झाली आहे. कारण एकाचा हात स्थिर आहे आणि दुसऱ्याची नजर.

आता या दोन आकड्यांचे नाते. जीव जेव्हा चुना बांधतात तेव्हा ते दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणातच उचलतात. अल्कता २.८ अंशांनी उतरली की कॅल्शियम बरोबर २० मिलिग्रॅमने उतरते. प्रमाण एकच, पण त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा दिसत नाही. ४२० मधून २० गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ८ मधून २.८ गेले तर तिजोरीचा तिसरा हिस्सा रिकामा झाला. एकत्र कुटुंबात असे पुष्कळदा घडते. खर्च दोन्ही भावांचा समान. पण एकाच्या शेतात चारशे मण पिकते आणि दुसऱ्याच्या आठ. आधी कोण खंगतो हे सांगायला नको. म्हणून या छंदातले जाणकार सांगतात, कॅल्शियम आठवड्यातून एकदा पाहा, पण अल्कतेवरची नजर रोज काढू नका.

मग कमी पडेल ते भरपूर घालून का ठेवू नये, असा प्रश्न आम्हांलाही पडला होता. तसे करता येत नाही, कारण समुद्राचे पाणी मुळातच अतिसंतृप्त असते. म्हणजे त्यात चुना बांधणारे दोन्ही घटक इतके असतात की हिशेबाने ते आपोआप खडू होऊन तळाशी बसायला हवेत. ते बसत नाहीत, कारण मध्ये मॅग्नेशियम उभे आहे. लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियमच्या तिप्पट. चुन्याचा स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागात शिरते आणि वाढ अडवते. या मध्यस्थाच्या भरवशावर दोघे एकाच घरात न भांडता नांदतात. पण त्याच्याही सहनशीलतेला मर्यादा आहे. दोघांपैकी एकालाच खूप चढवले तर पाण्यात पांढरी धूळ उठते, पंपावर आणि काचेवर खडूचा थर बसतो आणि वाढवायला गेलेले दोन्ही आकडे खाली येतात. वाढवण्याच्या हट्टाने घटते, असा हा व्यवहार आहे.

या दोघांना बरोबरीने भरून काढण्याचा जो सर्वांत जुना आणि साधा उपाय आहे त्याचे नाव ऐकून आम्हांला हसू आले. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स या मत्स्यालयतज्ज्ञाने तो रूढ केला आणि आज जगभर तो त्याच्या जर्मन नावाने ओळखला जातो. काल्कवासर. शब्दशः अर्थ, चुन्याचे पाणी. म्हणजे आमच्या आजीची निवळी! विरवलेला चुना पाण्यात ढवळायचा, भांडे झाकून ठेवायचे, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून घ्यायचे. पोटाच्या तक्रारीवर तान्ह्या बाळांना हेच थेंबांनी दिले जाई. आपल्यापैकी ज्यांची घराणी पिढ्यांपूर्वी घाट उतरून या डिचोली-सत्तरीच्या मुलखात स्थिरावली, त्यांच्या घरी चुनाळे आणि पानाचे तबक याबरोबर निवळीचे भांडेही असे. त्या भांड्यातील पाण्याने दूरच्या समुद्रातले जीव जगवता येतात हे मात्र आजीच्या स्वप्नातही आले नसेल.

निवळीची खुबी अशी की तिच्यात कॅल्शियम आणि अल्कता ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात जीव त्या वापरतात. त्यामुळे दोन आकड्यांचा तोल बिघडत नाही. मात्र ती तीव्र असते. तिचा सामू १२च्या वर जातो. एकदम ओतली तर जिथे पडेल तिथला जीव भाजून निघेल. म्हणून ती थेंबांनीच सोडावी लागते. पुतण्याने त्यासाठी दवाखान्यात सलाइनला असते तशी नळी आणून लावली आहे. सेकंदाला एक थेंब धरला तर एक लिटर निवळी उतरायला पाच-साडेपाच तास लागतात. आम्ही ती रात्रीच सोडतो. दिवसा शेवाळ उजेडात कार्बन डायऑक्साइड खाते आणि सामू चढतो. रात्री सारेच श्वास सोडतात आणि तो उतरतो. त्या उताराला निवळीचा आधार मिळतो. झाकण उघडे राहिले तर निवळीवर दुधासारखी साय धरते. हवेतील कार्बन डायऑक्साइड तिला लागला की तिचा पुन्हा खडू होतो. याच गुणावरून जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्याला त्या वायूची ओळख पटवली, आणि याच गुणावर शाळेतल्या मुलांनी नळीने फुंकर मारून निवळी पांढरी करण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला. बाजारातला विड्याचा चुना मात्र टाकीला चालत नाही. त्यात आणखी काय आहे याची हमी नसते. शुद्ध प्रतीचाच घ्यावा लागतो.

या गोष्टींचा अभ्यास साखळीत करावा लागणे यात एक गंमत आहे. आपली ही भूमी चुन्याला पारखी आहे. आपल्या पायाखालचा चिरा म्हणजे जांभा दगड. हजारो पावसाळ्यांनी ज्यातून सगळे विरघळणारे क्षार धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे ठेवले असा. हरवळ्याची लेणी याच दगडात खोदलेली आहेत आणि डिचोलीच्या खाणींनी याच लाल मातीखालचे लोखंड उपसले. म्हणूनच आपल्या विहिरींचे पाणी मऊ असते. साबणाला फेस लवकर येतो, पण त्यात चुना नसतो. मग गोमंतकाने चुना आणला कुठून? समुद्रातून आणि खाड्यांतून. शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा आणि त्याने देवळे, चर्च, घरे बांधायची आणि सफेद करायची. चवथीच्या आधी घराला चुना काढला की माजघरात जो उजेड पडे तो अजून आमच्या डोळ्यांपुढे आहे. त्या भिंती म्हणजे एका अर्थी खुब्यांच्या आणि तिसऱ्यांच्या अगणित पिढ्यांनी बांधलेली भित्तीच होती. आम्ही प्रवाळाच्या घरातच वाढलो, फक्त ते कोणी सांगितले नव्हते.

उन्हाळाभर सगळे सुरळीत चालले. पंख्याच्या वाऱ्याने टाकीतले दोन-तीन लिटर पाणी रोज उडून जाई. वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहते; म्हणून तेवढेच शुद्ध पाणी पुन्हा भरावे लागते. त्या भरतीच्या पाण्यातच आम्ही निवळी देत होतो. टाकी रोज सुमारे ०.४ अंश अल्कता खाते आणि ती भरायला एक लिटरहून किंचित जास्त निवळी लागते. हिशेब जुळत होता. मग मृग लागला. आपल्या इकडचा पाऊस कसा असतो हे आपणांस सांगायला नको. वाळवंटी दुथडी वाहू लागली, भिंतींना ओल आली, पापड मऊ पडले आणि टाकीतले पाणी उडायचेच थांबले. दिवसाकाठी अर्धा लिटरही कमी होईना. पाणी उडत नाही म्हणजे भरता येत नाही, आणि भरता येत नाही म्हणजे निवळी देता येत नाही. दिली तर पाण्याचा खारेपणा उतरतो. त्यात पावसामुळे खिडक्या बंद. घरातल्या हवेत आमच्याच श्वासांचा कार्बन डायऑक्साइड साचे आणि टाकीचा सामू आणखी खाली ओढे.

आषाढातल्या दहा दिवसांत अल्कता ८.२ वरून ६.४ वर आली. कॅल्शियम त्याच काळात ४२० वरून हिशेबाने ४०७ वर यायला हवे होते, पण आमच्या परीक्षेला तेवढा फरक नीट दिसतही नव्हता. जांभळ्या पुटाच्या कडा पांढुरक्या पडल्या. अशा वेळी उपाय स्वयंपाकघरातून निघाला. खाण्याचा सोडा म्हणजे शुद्ध बायकार्बोनेट. तीनशे लिटरला एक अंश वाढवायला सुमारे नऊ ग्रॅम पुरतात. तो तापवला की त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडा उरतो. त्याने अल्कतेबरोबर सामूही चढतो. बंद खिडक्यांच्या दिवसांत तेच हवे होते. पण निवळीत जी जोडी एकत्र येते ती इथे आपण जुळवायची असते. सोडा एका बाजूने, तर कॅल्शियम क्लोराइड दुसऱ्या बाजूने, वेगवेगळ्या वेळी आणि सारख्या हिशेबाने. दोन्ही द्रावणे एकाच भांड्यात मिसळली तर तिथल्या तिथे खडू. रोजची तूट भरून वर दिवसाला अर्ध्या अंशाहून जास्त चढवायचे नाही असा नियम आम्ही पाळला. चार दिवसांनी आकडा आठच्या वर गेला. पांढऱ्या कडा जांभळ्या व्हायला मात्र महिना लागला.

त्याच पावसात एक रात्र अशी आली की आकड्यांचा विचारही उरला नाही. वादळात कुठेतरी झाड तारांवर पडले आणि संध्याकाळी गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. नऊ तास. पंप थांबला की टाकीतले पाणी उभे राहते आणि उभ्या पाण्यात प्राणवायू संपत जातो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप होता, तो लावला. त्याची बॅटरी मध्यरात्रीनंतर दमली तेव्हा आम्ही आळीपाळीने पितळी तांब्याने पाणी वरून सोडत बसलो. एक तांब्या, मग दुसरा. बाहेर पाऊस आणि आत कंदिलाच्या उजेडात ती नारिंगी जोडी पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून. शेजारच्या वहिनी पहाटे विचारायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अभिषेक चाललाय काय?" विठ्ठलाच्या देवळाच्या गावात हा प्रश्न विचारला जाणे साहजिकच होते. वीज आली. मासे वाचले. एक गोगलगाय गेली.

ही गोगलगाय आम्ही पुतण्याला कळवली आणि त्या फोनवरच त्याने दुसरी गोष्ट सांगितली. त्याचा करार वाढला आहे आणि पुढे परदेशातल्या एका बंदरावर कायमची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. मग जरा थांबून म्हणाला, "काका, टाकी कुणाला तरी देऊन टाका. तुम्हांला उगाच त्रास." आम्ही लगेच काही बोललो नाही. खरे सांगायचे तर प्रश्न टाकीचा नव्हताच. या घरात पूर्वी सतरा माणसे जेवायला बसत. आता दोन बसतात. त्याचे वडील, आमचे थोरले बंधू, गेल्यापासून त्याचे या घराशी नाते उरले आहे ते या तीनशे लिटर पाण्यापुरते. जहाज कुठल्याही महासागरात असो, त्याचा निरोप येतो तो आकड्यांसाठी. आमची तब्येत, भाटातले नारळ, कौले, कोर्टातली जमिनीची तारीख हे सारे आकड्यांच्या मागून, त्यांचा हात धरून येते. टाकी गेली तर तो विचारणार काय, आणि आम्ही सांगणार काय?

साखळी-डिचोलीतले असे घर विरळाच, ज्यातले कोणी बाहेर नाही. आपले पूर्वजही कुठून तरी उठूनच इथे आले होते. तेव्हा जाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार आम्हांला नाही. जाण्याने एका बाजूचे भरते आणि दुसऱ्या बाजूचे रिते होते, एवढेच. त्याच्या पगाराने घराचे छप्पर नवे झाले. त्याच्या नसण्याने घराची गाठीची शिल्लक कमी झाली. पैसा चारशेच्या मापाने मोजला जातो आणि माणूस आठच्या. वीस इकडेतिकडे झाले, तर पहिल्यात ते दिसत नाही. आम्ही त्याला इतकेच कळवले की टाकी चवथीपर्यंत आमच्याकडे राहील. चवथीला तो येणार आहेच. तेव्हा कुणाला द्यायची ते त्याने स्वतःच्या हाताने द्यावे. त्यावर त्याचे उत्तर आले ते एका ओळीचे. मॅग्नेशियम पाहिले का?

या एका टाकीची आम्ही इतकी निगा राखतो तेव्हा मोठ्या पाण्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मुरगावपासून जवळ असलेल्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे गढूळ गोडे पाणी समुद्रात उतरते तरी ते तग धरून राहिले आहेत. मालवणच्या पाण्यात ते आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही पाण्याखालची प्रवाळांनी भरलेली विस्तीर्ण उंची आहे. लक्षद्वीपची बेटे तर प्रवाळांनीच घडवलेली. २०२४ साली समुद्र इतका तापला की तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातील चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली. उष्णता हे तात्काळचे कारण. दुसरे दुखणे हळूहळू मुरते आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२०च्या पुढे गेला आहे. त्याचा मोठा हिस्सा समुद्र पितो आणि त्याचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे. समुद्राची अल्कता तेवढीच राहते, पण तिच्यातील कार्बोनेटचा वाटा घटतो आणि शंख बांधणे महाग होत जाते. पावसाळ्यात बंद खिडक्यांच्या आमच्या माजघरात जे दहा दिवस घडले, ते तिथे दोन शतके चालले आहे.

समुद्रात चुना मिसळून हे सावरता येईल का, याचीही चाचपणी शास्त्रज्ञ करत आहेत. पण चुन्याचा एक जुना हिशेब त्यांना चुकवता येत नाही. शिंपला किंवा चुनखडी भाजली की जीवाने बांधून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून सुटतो आणि हवेत जातो. तो धरून ठेवण्याची सोय केली नाही, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखे होईल. इतक्या मोठ्या पाण्याला थेंबाथेंबाने निवळी देणारी नळी कोणाकडेही नाही. तिथे न बिघडवणे हाच मुख्य उपाय आहे. घरातल्या टाकीने आम्हांला एवढे शिकवले की बिघडलेले सावरायला लागणारा काळ बिघडवायला लागलेल्या काळापेक्षा नेहमीच मोठा असतो. दहा दिवसांची तूट आणि महिन्याभराची जांभळी कड.

काल रात्रीचे आकडे वहीत असे आहेत. अल्कता ७.९, कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १२९०. पुढे शेऱ्याच्या रकान्यात नळ्यांतल्या किड्यांपैकी एकाने काचेवर नवी नळी बांधायला घेतल्याची नोंद आहे. नळी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी आहे. त्याने ती घालण्यापूर्वी कोणाला विचारले नाही आणि चवथीनंतर टाकी कुठे जाणार याची त्याला कल्पना नाही. आम्ही आकडे पाठवले आहेत. जहाज सध्या अटलांटिकमध्ये आहे. उत्तर यायला दोन दिवस लागतील. तोवर आजची निवळी भांड्यात निवळत ठेवली आहे.